लाल कोपरा

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही इंग्रजी-फ्रेंचची. मराठी मी गावच्या बैठकेत, म्हणजे आपल्या लोकांच्या संध्याकाळच्या शाळेत शिकले, जमिनीवर बसून, गुडघ्यावर पाटी ठेवून. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून उमगत नाही. कागदही साधा नाही. मशीनचा आहे, दोन्ही कडांना भोकं असलेला, एका बाजूला हिरव्या पट्ट्या. हॉस्पिटलात वाया गेलेला हा कागद मी घरी आणते, कोऱ्या बाजूवर मुलगी गणितं करते. आज तिच्याकडून चार ताव मागून घेतले. कशाला, ते तिला सांगितलं नाही.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढेसुद्धा नाही — तिथे उभी राहिले की मी मुलीच्या परीक्षेचं बोलते, नवऱ्याच्या पाठदुखीचं बोलते, आणि हात जोडून परत फिरते. तुला सांगते. तू कोण, मला माहीत नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

एका बाईचा पाय गेला आणि एका मुलीची नोकरी गेली. दोन्ही माझ्यामुळे. एवढं आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे मी इकडे-तिकडे फिरले तरी तुला ठाऊक असेल मी कुठे चालले आहे. मी फिरणार. माझी सवय आहे ती.

मी आमच्या बेटावर प्लेन मान्येन गावात राहते; आपल्या लोकांचे आजे-पणजे इथे उसाच्या मळ्यांत कामाला आले होते. दक्षिणेतल्या एका हॉस्पिटलात सत्तर सालानंतर लागले, फरशी पुसायला. अक्षरं ओळखते म्हटल्यावर काही वर्षांनी मला कार्डांच्या खोलीत घेतलं. पेशंट खिडकीशी येऊन नंबर सांगायचा, मी फळीवरून त्याचं कार्ड काढून द्यायचे. मला ते काम आवडलं. बोलावं लागत नसे. मी लाजरी आहे — म्हणजे नुसती गप्प नव्हे, अनोळखी माणसासमोर माझा गळा खरोखर बंद होतो. बसमध्ये उतरायचं ठिकाण सांगायची लाज वाटली म्हणून मी दोन थांबे पुढे जाऊन चालत परत आलेली आहे.

त्या काळी वॉर्डात एक म्हातारी नर्स होती, तिला सगळे मिस म्हणायचे. तिची एक पद्धत होती. ज्या पेशंटला पेनिसिलिन सोसत नाही, त्याच्या कार्डाचा उजवा वरचा कोपरा ती लाल पेन्सिलीने भरून टाकायची. लिहायची नाही काही, फक्त कोपरा रंगवायची. डॉक्टर नवा असो, परदेशी असो, अर्धवट झोपेत असो, लाल दिसला की सुई बाजूला. पेशंटांनाही ते ठाऊक. सुरिनाम गावच्या पार्वतीमावशी तर खिडकीशी येऊन म्हणायच्या, “माझं लाल कोपऱ्याचं दे गो.” जसं काही लग्नाचं लुगडं मागतायत. त्या मराठी बोलायच्या, आमच्या घरच्यासारखं. मावशी त्या नात्याने नव्हत्या, पण आपल्यात वयाने मोठ्या बाईला दुसरं काय म्हणणार?

ऐंशी सालानंतर ती मिस निवृत्त झाली. मग आलं मशीन.

बाहेरून शिकून आलेले एक तरुण डॉक्टर होते, साखरेच्या आजाराचे. त्यांनी खटपट करून कॉम्प्युटर आणवला. त्याच्यासाठी एक खोली थंड केली, धूळ जाऊ नये म्हणून दाराशी चपला काढायच्या. मला ते बरं वाटलं. देवळासारखं. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटायची. डॉक्टरांचं म्हणणं असं, की कार्डं हरवतात, भिजतात, वाळवी खाते. मशीनमध्ये घातलं की कुठल्याही वॉर्डात एका मिनिटात छापून मिळेल. आणि शिकणाऱ्या नर्सा नि नवे डॉक्टर नुसती पुस्तकं वाचण्यापेक्षा आपल्याच बेटावरच्या माणसांचे आजार त्यात बघून शिकतील. चांगलाच विचार होता तो. आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही.

टाईप करायला जिनेट आली. एकवीस-बावीस वर्षांची, आफ्रिकी वंशाची क्रेओल पोर, लांब नखं, सतत हसणारी, नोकरी कच्ची. पहिल्याच दिवशी तिने माझं नाव ठेवलं — मादाम सां लालांग. बिनजिभेची बाई. मला राग आला नाही. ती म्हणायची त्यात माया होती, आणि दुपारी तिच्या डब्यातला अर्धा पाव ती न विचारता माझ्यापुढे ठेवायची.

आता माझं काम. मशीनसाठी प्रत्येक पेशंटचा नवा फॉर्म भरायचा होता. जुन्या कार्डावरून नाव-गाव-नंबर उतरवायचा, आणि सात प्रश्न पेशंटला तोंडी विचारून उत्तरं लिहायची. डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं होतं, कार्डावर काही असो नसो, माणसाला विचारा, मादाम, प्रत्येकाला विचारा. चौथा प्रश्न होता, कुठलं औषध तुम्हाला सोसत नाही? एका फॉर्ममागे अर्धा रुपया, पगाराशिवाय. खाडाखोड केलेला फॉर्म चालणार नाही; चुकलं तर जिनेटकडून कोरा घ्यायचा.

पहिल्या दिवशी मी बाहेरच्या बाकांवर गेले. चाळीस माणसं. एका गृहस्थाला मी तीन प्रश्न विचारले, चौथा विचारला, आणि पाचवा होता — रम पिता का? आपल्या गावांत कुठली बाई परक्या पुरुषाला हे विचारते? मी विचारलं. तो मोठ्याने म्हणाला, “विचारतेस कशाला? पाजणार आहेस?” चाळीस माणसं हसली. त्याची बायकोसुद्धा हसली.

एवढंच झालं. तुला वाटेल, यात काय? मलाही आता तेच वाटतं. पण त्या दिवसानंतर मी बाकांकडे गेले की माझे पाय भिंतीच्या कडेने चालायचे. एखादी ओळखीची म्हातारी दिसली तर तिला विचारायचे. बाकीच्यांचे फॉर्म मी आत बसून भरू लागले. नंतर विचारू, असं म्हणायचे. ते पुन्हा येतीलच की. माझ्याकडे एक वही होती, अर्ध्या रुपयांचा हिशोब मागायला नंबर लिहायची. ज्याला खरंच विचारलं, त्याच्या नंबरापुढे फुली. ज्याला नाही, त्याच्यापुढे कोरं. कोरी जागा वाढत गेली.

मग मी एक युक्ती काढली. मी वीस-वीस कोरे फॉर्म घ्यायचे आणि आधी सगळ्यांवर चौथ्या प्रश्नापुढे ‘नों’ लिहून टाकायचे. नाही, नाही, नाही — पापड लाटल्यासारखं, एकामागून एक. मग सावकाश एकेक कार्ड घेऊन वरची नावं नि नंबर उतरवायचे. बहुतेकांना सगळी औषधं सोसतात, मग ‘नाही’ बरोबरच असणार, नाही का? जुन्या मिसने ज्यांचे कोपरे रंगवले होते त्यांच्यासाठी मी ‘हो’वाले फॉर्म वेगळे ठेवायचे. असा माझा नियम होता. मी अगदीच निष्काळजी नव्हते, असं मी स्वतःला सांगायचे.

एके दुपारी उरलेल्या शेवटच्या फॉर्मवर मी एक नाव उतरवलं, नंबर उतरवला, गाव उतरवलं — सुरिनाम. आणि कार्ड बाजूला ठेवताना माझ्या अंगठ्याखाली लाल कोपरा दिसला.

मी पाहिला. हेच मला लिहायचं होतं. लोक म्हणतील घाईत राहून गेलं, डोळ्यांतून निसटलं. नाही. मी पाहिला, तो कशाचा ते मला ठाऊक होतं, तो कुणाचा तेही ठाऊक होतं. वर ‘नों’ लिहिलेलं होतं. खोडलं असतं तर फॉर्म फुकट. कोरा आणायला जिनेटकडे जावं लागलं असतं, आणि त्या दिवशी मी आधीच तिच्याकडून तीन जादा नेले होते. तिसऱ्या वेळी ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली होती, “मादाम, तुझ्या हातालाही जीभ नाही का?” सगळे हसले होते, मीही. चौथ्यांदा जायची मला लाज वाटली.

लाज. एवढ्यासाठी. मी फॉर्म गठ्ठ्यात सरकवला आणि कार्ड पालथं ठेवलं. मनात म्हटलं, मावशी पुढच्या महिन्यात येतील तेव्हा बदलून घेऊ. पुढच्या महिन्यात त्या आल्या. मी त्यांना आत जायचा नंबर दिला, त्या म्हणाल्या, “आता लाल कोपरा नको गो? आता तुमचं मशीन म्हणे सगळं जाणतं.” मी मान हलवली.

दर गुरुवारी डॉक्टर शिकणाऱ्या मुलामुलींना त्या थंड खोलीत घ्यायचे. मशीन आवाज करत लांबलचक कागद बाहेर सोडायचं आणि ते त्यावर बोट ठेवून शिकवायचे. मी कार्डं घेऊन दाराशी उभी. एका गुरुवारी ते चौथ्या प्रश्नाच्या यादीशी थांबले. म्हणाले, औषध न सोसणारी माणसं आपल्याकडे एवढी थोडी? मला जास्त वाटली होती. मग खांदे उडवून पुढे गेले. पोरांनी वह्यांत लिहून घेतलं. दहा-बारा पेनं एकदम खाली वाकली. ती काय लिहीत होती? मी न विचारलेल्या माणसांची माझी उत्तरं. त्या वह्या घेऊन ती पोरं कुठल्या कुठल्या वॉर्डात गेली असतील. आणि मी, चौथी शिकलेली, दाराशी अनवाणी उभी राहून त्यांना शिकवत होते — खोटं.

तेव्हा बोलता आलं असतं. कुणाला काही झालं नव्हतं तोवर.

पंधरा दिवसांनी पार्वतीमावशी पायाची जखम घेऊन आल्या. साखर असलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही, हे तुला ठाऊक असेल. ड्यूटीवर नवा डॉक्टर होता. त्याने छापील कागद मागवला, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं, आणि सुई दिली. त्याने जे करायचं तेच केलं. मावशीही काही बोलल्या नाहीत. त्या का बोलतील? त्यांच्या मनात त्यांचा कोपरा अजून लालच होता.

मी कार्डांच्या खोलीतून धावणारी माणसं पाहिली. मावशींचा गळा सुजला, श्वास अडकला. डॉक्टरांनी वाचवलं. सहा दिवसांनी त्या घरी गेल्या आणि परत हॉस्पिटलाची पायरी चढायची नाही अशी शपथ घेतली. जखमेवर घरीच हळद लावत बसल्या. चार महिन्यांनी मुलांनी उचलून आणलं तेव्हा पाय काळा पडला होता. गुडघ्याखालून कापला.

पण त्याआधीच, सुई दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी दुसरी गोष्ट केली. भरलेले फॉर्म एका पेटीत असत आणि पेटीची किल्ली माझ्याकडे. मावशींचा फॉर्म मी काढला, चार घड्या केल्या आणि घाण कापसाच्या डब्यात टाकला. तो डबा रोज जाळायला जातो. कार्डं गठ्ठे बांधून मागच्या खोलीत होती, ती कुणीही काढून पाहिली असती. त्यांनी पाहिलंच, लाल कोपरा सापडलाच. पण फॉर्म नव्हता. मग कार्डावर लाल आणि मशीनमध्ये नाही, तर मध्ये चुकलं कोण?

मोठ्या साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. जिनेट पहिल्यांदाच हसत नव्हती. तिने सांगितलं, जे लिहिलं होतं तेच मी टाईप केलं. मग माझ्याकडे वळून हलकेच म्हणाली, “दिर झोत, मादाम.” सांग यांना. तिची खात्री होती मी सांगेन.

मी सांगितलं. मावशींना विचारलं होतं. त्यांनी पेनिसिलिन सांगितलं होतं. मी ‘हो’ लिहिलं होतं. तीन वाक्यं, तिन्ही खोटी. आणि ऐक — सहा माणसांसमोर, साहेबांच्या डोळ्यांत बघून, मी जन्मात पहिल्यांदा न अडखळता बोलले. माझा गळा बंद झाला नाही. ज्या गळ्याच्या नावावर मी एवढं सगळं केलं, तो खोट्यासाठी लखलखीत उघडला. मग तो खरोखर बंद व्हायचा, की मीच बंद ठेवायचे?

महिनाअखेर जिनेटला घरी पाठवलं. ती माझ्याशी भांडली नाही. टेबल आवरून निघाली, जाताना डब्यातला अर्धा पाव माझ्यापुढे ठेवला. रोजच्यासारखा. ती मला काही म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती आता आमच्याच गावाजवळच्या फॅक्टरीत स्वेटर शिवते. बसथांब्यावर दिसते. नखं कापलेली. “मादाम सां लालांग,” म्हणते, आणि मुलीची चौकशी करते.

अर्ध्या रुपयांतून मी मुलीला शाळेचे बूट घेतले होते. त्या बुटांत पाय घालताना ती उड्या मारायची आणि मला मावशींचा पाय दिसायचा. बूट लहान झाल्यावर ते मी कुणाला दिले नाहीत. माडीवर आहेत.

मग एके दिवशी मी वही काढली. कोऱ्या जागा मोजल्या. एकशे सत्त्याऐंशी. मला वाटलं होतं ती माझ्या पैशांची वही आहे. ती माझ्या खोट्यांची यादी होती, नंबरासकट, आणि ती मीच नीट लिहून ठेवली होती. म्हटलं, यादी आहे तर विचारता येईल.

मशीनमधलं काही बदलायचं तर पिवळी चिठ्ठी असते. वर दोन चौकोन: आधी काय होतं, काय असायला हवं. खिडकीवर बसणारं कुणीही ती भरून डॉक्टरांच्या ट्रेमध्ये टाकू शकतं. मी आधी मागच्या खोलीत जाऊन त्या एकशे सत्त्याऐंशी नंबरांची कार्डं शोधली. माझ्या ‘वेगळे ठेवायचे’ या नियमातून अजून चार लाल कोपरे निसटले होते. चार माणसं. त्या चार चिठ्ठ्या मी त्याच सकाळी टाकल्या.

बाकीच्यांना विचारायला तीन वर्षं लागली. जे खिडकीशी आले त्यांना खिडकीशी. जे आले नाहीत त्यांच्याकडे रविवारी बसने. नवऱ्याला सांगायचे हॉस्पिटलचं काम आहे. तेवढं एक मात्र खोटं नव्हतं. लालमती गावात एका भाजीवाल्याला मी पाचवा प्रश्नही विचारला. तो म्हणाला, “एवढ्या लांबून हे विचारायला आलीस? मग बस, आधी चहा घे.” त्याला सल्फाची गोळी सोसत नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं. काही माणसं गेली होती, त्यांच्या बायकांना विचारलं. एका घरी कुत्रा अंगावर आला. बरेच जण हसले. हसले तर हसले.

प्रत्येक विचारलेल्या नंबरामागे अर्धा रुपया मी हॉस्पिटलच्या ऑफिसाबाहेरच्या डब्यात टाकला. गरीब पेशंटांच्या बसभाड्याचा डबा आहे तो. गेलेल्यांचेही टाकले.

एकशे शहाऐंशी झाले. एक राहिला. कोणता ते तू ओळखलं असशील. तो मी सगळ्यांत आधी करायला हवा होता आणि मी तो सगळ्यांत शेवटी ठेवला.

गेल्या रविवारी सुरिनामला गेले. पार्वतीमावशी ओट्यावर बसल्या होत्या, उरलेला पाय खाली सोडून, भाजीसाठी वेलावरचे चुशू चिरत. मला बघून म्हणाल्या, “कार्डवाली ना तू? ये गो बाय. बस. माझ्यापेक्षा तुझेच पाय दुखत असतील, तुला दोन आहेत.” आणि स्वतःच हसल्या. मी बसले नाही. मी उभ्यानेच विचारलं — मावशी, कुठलं औषध तुम्हाला सोसत नाही?

त्यांनी सुरी खाली ठेवली. म्हणाल्या, “पेनिसिलिन.” मग परात बाजूला सारून, “हे तू तेव्हा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं गो.”

मी म्हटलं, मी विचारलं नव्हतं. लाल कोपरा पाहूनही ‘नाही’ लिहिलं. फॉर्म मीच जाळला. जिनेटने काही चुकवलं नव्हतं.

वर मी लिहिलं आहे की हे कुणालाच सांगितलेलं नाही. रविवारपर्यंत ते खरं होतं, आणि हे कागद मी शनिवारी सुरू केले होते. खोडत नाही. त्या काय म्हणाल्या ते मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. त्यांनी मला माफ केलं असंही समजू नकोस. त्यांनी चिरलेल्या चुशूची परात उचलली आणि ओट्यावरून सरकत सरकत आत गेल्या. मी मदत करायला हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

आज सकाळी मी डॉक्टरांच्या ट्रेमध्ये दोन पिवळ्या चिठ्ठ्या टाकल्या. एक मावशींची; त्यांची ओळ साहेबांनी तेव्हाच बदलून घेतली होती, पण ती मी विचारून लिहिलेली नव्हती. दुसरीत पेशंटचा नंबर नाही. पहिल्या चौकोनात लिहिलं, जिनेटने चुकीचं टाईप केलं. दुसऱ्या चौकोनात, फॉर्म मी चुकीचा भरला आणि मी जाळला. मोडक्या फ्रेंचमध्ये, पण वाचता येईल असं. खाली माझं पूर्ण नाव, आणि हो, एक शब्द खोडला होता, म्हणून नवी चिठ्ठी मागून घेतली. पुढे नोकरीचं काय व्हायचं ते होईल. संध्याकाळी बसथांब्यावर जिनेटशी बोलायचं आहे. मी आधी बोलणार आहे.

मग ऑफिसाबाहेर जाऊन शेवटचा अर्धा रुपया डब्यात टाकला. त्र्याण्णव रुपये पन्नास सेंट. सगळे फिटले.